पंखा तर फिरतोय ना!

मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. मी कळमेश्वरला, आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली, गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. हातात पाना नव्हता, एक कागद होता. त्या कागदाची गोष्ट पुढे येईलच.

ज्यांना कळमेश्वर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नागपूरहून काटोलच्या दिशेने निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर लागणारं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, एका अंगाला एमआयडीसी, आणि तालुक्यातच आदाश्याचा गणपती आणि धापेवाड्याचा विठोबा. आमचे बाबा इथेच शिक्षक होते, इथेच रिटायर झाले. त्यांची मारुती ८००, २००८ सालची, बिना एसीची. (नागपूरच्या उन्हात बिना एसीची गाडी! पण बाबांचं म्हणणं, काचा कशासाठी दिल्यात?) ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, पण गावाकडच्या मिस्त्र्यांना ही गाडी अजून तोंडपाठ आहे, त्यामुळे आमची मजेत चालली होती.

तर झालं असं. डिसेंबरात एक होज पाईप फुटला. पाणी गळत राहिलं, बाबांच्या लक्षात आलं नाही आणि गाडी तशीच घरापर्यंत आणली. हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये गेलं, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं. जानेवारीत इंजिन खोललं. हेड लेथवर नेऊन सपाट करून आणलं, आणि खोललंच आहे तर रिंग-पिस्टनही टाका, असं करत करत बिल चोवीस हजारांवर गेलं. मी पुण्यातून पैसे पाठवले आणि विषय संपला असं समजलो.

जानेवारी-फेब्रुवारी छान गेले. मार्चपासून गाडी तापायला लागली.

मिस्त्री म्हणाला, "इंजिन नवीन हाय जी, टाइट हाय. हजार किलोमीटर चालू द्या, मोकळं होते." यात तथ्य होतं. नव्या रिंगांचं घर्षण जास्त असतं, सुरुवातीला उष्णता थोडी जास्त होते. पण तेवढी उष्णता झेपणार नाही अशी कूलिंगची व्यवस्था कुठल्याच गाडीत नसते. हजार किलोमीटर झाले. काटा वर जायचा तो जातच राहिला.

मग सुरू झाला प्रयोगांचा सिलसिला. आधी रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडून साफ करून आणला. मग त्याचं झाकण बदललं. मग एकाच दिवशी दोन कामं: थर्मोस्टॅट काढून टाकला आणि फॅन 'डायरेक्ट' केला. म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. तापमानाशी त्याचा काही संबंध नाही. शेवटी वॉटर पंप नवा. प्रत्येक वेळी बाबांचा फोन, "झालं बघ आता," आणि आठ दिवसांनी पुन्हा, "अरे, पुन्हा काटा वर गेला होता." या सगळ्यात माझं योगदान काय? "बाबा, चांगल्या कंपनीचं कूलंट टाका." बस. बारा वर्षं लोकांचे बग शोधून पोट भरणाऱ्या माणसाचा हा सल्ला.

आणि मग एप्रिलमधली ती दुपार. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून दोघं नागपूरहून परत येत होते. अर्ध्या रस्त्यात बॉनेटमधून वाफ यायला लागली. सावली नाही, तापमान त्रेचाळीस. बाबांनी दुपट्टा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मागून येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने ट्रक थांबवून ओरडून त्यांना थांबवलं, म्हणून हात आणि चेहरा वाचला. नंतर चाळीस मिनिटं आई, डोळ्याला काळा चष्मा लावून, रस्त्याच्या कडेला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसली होती. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही आठ दिवसांनी.

त्याच रात्री तिकीट काढलं.

आता थोडं शास्त्र. कंटाळा करू नका, गोष्टीचं मर्म इथेच आहे.

पेट्रोलमधून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनातल्या पाण्याला बाहेर काढावी लागते. पंप पाणी फिरवतो. थर्मोस्टॅट हा त्या रस्त्यावरचा चौकीदार. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत, तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. रेडिएटरवर दाबाचं झाकण असतं. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं: साधारण ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडणं जिवावरचं काम आहे. दाब गेला की ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. दुपट्ट्याने काही होत नाही.

आणि पंखा? गाडी पळत असताना समोरचा वारा पुरतो. पंखा लागतो तो गाडी उभी असताना, किंवा एमआयडीसीच्या ट्रकमागे रांगत असताना.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांचं धरा. जानेवारीच्या दुपारी हवा २८ ची असेल तर फरक ६७. मे महिन्यात हवा ४५ ची असेल तर फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद पाव हिस्सा कमी. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंशही पाहिलेत, आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहून गरम असते. जानेवारीत झालेली चूक म्हणूनच मार्चपर्यंत लपून राहिली. आपल्याकडे नाही का, टेस्टिंगच्या सर्व्हरवर सगळं झकास चालतं आणि खरा लोड आला की कोसळतं? तसंच.

थोडं विषयांतर. ३० मे २०२४ आठवतंय? नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९. व्हॉट्सॲपवर नुसता कहर झाला. बाबांनीच मला तीन वेळा तो आकडा फॉरवर्ड केला. हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं की दोष सेन्सरचा होता; मुंगेशपूरचा सेन्सर तर तीनेक अंश जास्त दाखवत होता. हा खुलासा कशावरून करता आला? शेजारच्या केंद्रांशी आणि प्रमाणित उपकरणाशी ताडून बघता आलं म्हणून. आकडा दिसला की लगेच त्यावर विश्वास टाकायचा नाही, दुसऱ्या मार्गाने तो तपासायचा. मी हे बाबांना तेव्हा मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र विसरलो.

असो. शनिवारी सकाळी घरी पोहोचलो. डोक्यात संशयितांची यादी तयार होती: इंजिनात हवा अडकली असेल, गॅस्केट पुन्हा गेलं असेल, ते उलटं बसवून पाण्याची भोकं बंद झाली असतील, टायमिंग चुकलं असेल. बाबा म्हणाले, "चहा घे आधी." आणि चहाबरोबर त्यांनी एक वही समोर ठेवली.

मास्तर माणूस. प्रत्येक पेट्रोलची, प्रत्येक फेरीची नोंद. माझ्याकडे इतका नीट लॉग ऑफिसातही नसतो. मार्चमधल्या नोंदी वाचल्या: "सिग्नलवर काटा वर. गाडी चालू लागताच खाली." पुन्हा तेच. आणि फॅन डायरेक्ट केल्यानंतरच्या नोंदी: "चालत्या गाडीतही काटा वर."

मी चहा ठेवून दिला.

म्हणजे बघा. आधी गाडी फक्त उभी असताना तापत होती. म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर ठीक आहे, वारा मिळाला की काम होतंय. संशय सरळ पंख्यावर. पण पंखा कायमचा चालू केल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता, तो वाढला! आता चालत्या गाडीतही तापते. पंखा चालू असल्याने गाडी जास्त तापते, असा पंखा कुठला?

गाडी सुरू केली. पंखा घरघरायला लागला. मी समोर उभा राहिलो तर पायांना गरम झळ लागली. वहीतला एक कागद फाडून (बाबांची परवानगी घेऊन!) समोरच्या जाळीला लावला. या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्याने समोरची हवा आत ओढायला हवी, कागद जाळीला चिकटायला हवा. कागद उडून माझ्या पायाशी पडला.

पंखा उलटा फिरत होता.

जानेवारीत इंजिन चढवताना फॅनचा प्लग वितळलेला सापडला होता, म्हणून इलेक्ट्रिशियनने तो कापून वायरी थेट जोडल्या, वर काळी टेप. दोन्ही वायरी जुन्या, मळकट, एकसारख्या. अदलाबदल झाली. डीसी मोटर आहे, प्लस-मायनस बदललं की उलटी फिरते, आवाज तसाच. उभ्या गाडीत तो पंखा इंजिनाभोवतीची तापलेली हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलत होता. पाती एका दिशेसाठी घडवलेली असल्याने तेही धड होत नव्हतं. चालत्या गाडीत तो आधी बंद राहायचा म्हणून निभावत होतं. डायरेक्ट केल्यापासून तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडायला लागला.

नवा प्लग ऐंशी रुपयांचा. वायरी सुलट्या केल्या, डायरेक्ट जोडणी काढली, थर्मोस्टॅट परत बसवला. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडं ठेवून ते सुरू केलं आणि अडकलेली हवा काढली. मग भर दुपारी बेचाळीस अंशांत गाडी पंचवीस मिनिटं उभी ठेवून चालवली. काटा मधल्या रेघेच्या जरा वर गेला, पंखा सुरू झाला, तीन मिनिटांत बंद झाला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. कागद जाळीला घट्ट. संध्याकाळी आईला घेऊन धापेवाड्यापर्यंत जाऊन आलो. काटा हलला नाही.

आता मूळ मुद्दा. खरं तर यासाठीच लिहायला बसलो.

हे वाचून तुम्ही म्हणाल, काय हे मिस्त्री, इतकं साधं कळलं नाही? मीही त्याच तोऱ्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याने कागद स्वतः लावून पाहिला, हसला, मग गप्प झाला. मी विचारलं, "फॅन एकदा नीट पाहिला का नाही?" तो म्हणाला, "फॅन तं फिरून राह्यला होता ना जी. अन् पाहत बसलो तं अर्धा दिवस जाते. त्याचे पैसे कोण देते? पार्ट टाकला तं पार्टचे तरी भेटते."

मला उत्तर सुचलं नाही. कारण ते पैसे न देणारा मीच. झाकण, पंप, रेडिएटरची सफाई, मजुरी, सगळं धरून सात हजार चारशे रुपये मी बिनातक्रार पाठवले होते. प्रत्येक बिलात वस्तू होती, दिसत होती. त्याने "चार तास फक्त शोधलं, सहाशे रुपये" असं बिल दिलं असतं तर मी काय म्हटलं असतं? "केलं काय त्याने?" हेच.

आणि माझा स्वतःचा धंदा कशावर चालतो? मागच्याच महिन्यात मी तीन दिवस एक बग शोधला. दुरुस्ती एका ओळीची. त्या तीन दिवसांचा पगार कंपनीने कापला नाही, उलट मॅनेजरने कौतुक केलं. एसीत खुर्चीवर बसून केलेला विचार म्हणजे कौशल्य, आणि कळकट कपड्यांत गाडीखाली झोपून केलेला विचार म्हणजे टाइमपास, हा हिशेब आपण कधी मांडला? माझं स्पष्ट मत आहे की पार्ट बदलत सुटणारा मिस्त्री आपणच घडवतो. ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतं. आपण वस्तूचे देतो, निदानाचे नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: शोधण्याचे पैसे दिले तर तो मुद्दाम वेळ लावेल. लावेल एखादा. पण आज तो गरज नसलेला पंप टाकतोच आहे, ते काय स्वस्तात पडतं? आधी रक्कम ठरवा, "एवढ्या पैशात फक्त बघायचं, काही बदलायचं नाही, काय दिसलं ते मला सांगायचं." डॉक्टरची तपासणी फी आणि औषधाचे पैसे आपण वेगळे देतोच ना?

दुसरा आक्षेप: आता गाड्यांना स्कॅनर लागतो, सगळं स्क्रीनवर दिसतं. दिसतं, पण कॉम्प्युटरला माहीत असतं तेवढंच. रिलेला हुकूम दिला इतकं त्याला ठाऊक. हवा कुठल्या बाजूने वाहते हे सांगणारा सेन्सर साध्या गाडीत नसतो. उलट्या पंख्याचा कोड येत नाही. आपल्या डॅशबोर्डवर सर्व्हिस 'चालू' असा हिरवा दिवा असतो आणि तिकडे गिऱ्हाइकाची ऑर्डर जात नाही, तसलाच प्रकार. चालू आहे का, हा सोपा प्रश्न. काम होतंय का, हे बघायला कागद लावावा लागतो.

फॅन डायरेक्ट करण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण ही आपली राष्ट्रीय सवय आहे. रस्त्यात अडकलात, रिले गेलाय आणि घरी पोहोचायचंय, तर जरूर करा. तिथे तोच शहाणपणा. पण घरी पोहोचल्यावर ते काढा. तसंच थर्मोस्टॅट काढून टाकण्याचं. इंजिन वेळेत तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं थंडी आहे, तो पेट्रोल जास्त ओततो, आणि काही इंजिनांत तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत येतं. शिवाय आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या. त्यामुळे बिघाड वाढला तो कशाने, हे कुणालाच कळेना. वही नसती तर मीही गॅस्केटच उघडायला सांगितलं असतं. आणखी दहा हजार!

तुमच्याही घरी, गावाकडे, अशी एखादी जुनी गाडी असेलच. इंजिनचं काम झाल्यावर ती तापत असेल तर पार्ट मागवायच्या आधी एवढं बघा. कधी तापते? उभी असताना की पळताना? उभी असताना तापत असेल तर पंखा बघा: सुरू होतो का, आणि हवा ओढतो का. पळताना, चढावर तापत असेल तर पाणी, रेडिएटर, पंप, टायमिंग. पाणी कमी होतंय पण गळताना दिसत नाही, किंवा थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येताहेत, तर गॅस्केटचा संशय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते तारखेसह लिहा. काटा लाल रेघेकडे गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही, आणि हात भाजायला तर क्षणही पुरतो.

निघायच्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो आणि पाचशे रुपये दिले. तो घेईना. "मी तं काहीच नाही केलं जी, तुम्हीच शोधलं." म्हटलं, हे पुढच्या वेळेचे. गाडी आली की आधी अर्धा दिवस फक्त बघायचं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण पैसे खिशात ठेवताना त्याने विचारलं, "कागद कोणता बी चालते ना?"

बाबांच्या वहीतली त्या दिवसाची नोंद मी चोरून वाचली. "पंखा सुलटा केला. खर्च ८० रु. मुलगा चार दिवस राहिला."